घरकुलाचे विनिर्देश आणि संगणकीय नोंदी : प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणच्या लाभार्थ्यांसाठी माहिती

घर किती जागेत बांधायचे, त्यात कोणते साहित्य वापरायचे आणि ते कोणत्या प्रमाणात मिसळायचे, याचा लेखी तपशील म्हणजे विनिर्देश. बांधकामावर यालाच 'स्पेसिफिकेशन' म्हणतात. पूर्वी हा तपशील अभियंत्याच्या वहीत किंवा गवंड्याच्या डोक्यात असे. आता तो संगणकावर तयार होतो आणि कामाची प्रगतीही मोबाइलवरून संगणकात नोंदवली जाते. प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीणमध्ये घराचा हप्ता याच नोंदींवरून सुटतो. त्यामुळे या नोंदी कोणत्या, त्या कशा वाचाव्यात आणि चूक दिसल्यास काय करावे, हे लाभार्थ्याला माहीत असणे आवश्यक आहे.

योजना थोडक्यात

इंदिरा आवास योजनेची पुनर्रचना करून १ एप्रिल २०१६ पासून ही योजना लागू झाली. २०२४-२५ ते २०२८-२९ या दुसऱ्या टप्प्यात आणखी २ कोटी घरांना मंजुरी देण्यात आली आहे.

- घराचे किमान क्षेत्रफळ : २५ चौरस मीटर (सुमारे २६९ चौरस फूट), स्वच्छ स्वयंपाकाच्या जागेसह.
- अर्थसाहाय्य : सपाट भागात १,२०,००० रुपये, डोंगराळ राज्ये, दुर्गम भाग व ठरवून दिलेल्या नक्षलप्रभावित जिल्ह्यांत १,३०,००० रुपये.
- शौचालय : स्वच्छ भारत मिशन (ग्रामीण) किंवा अन्य योजनेतून १२,००० रुपये.
- मजुरी : ग्रामीण रोजगार हमीच्या तरतुदीतून सपाट भागात ९० दिवस आणि डोंगराळ व दुर्गम भागात ९५ दिवसांची अकुशल मजुरी.
- मुदत : मंजुरीच्या दिनांकापासून १२ महिन्यांत घर पूर्ण करणे अपेक्षित.

ठेकेदार नाही, म्हणून कागद महत्त्वाचा

सरकारी इमारतीच्या कामात विनिर्देश ठेकेदाराशी केलेल्या कराराचा भाग असतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने २०१९ मध्ये आपले विनिर्देश दोन खंडांत प्रसिद्ध केले. विटकाम, काँक्रीट, गिलावा, फरशी अशा प्रत्येक बाबीला त्यात क्रमांक आहे. अंदाजपत्रक करताना संगणकात बाब निवडली की तिचे वर्णन, परिमाण आणि दर एका ओळीत येतात. ठेकेदाराने वेगळे काही केले, तर त्या ओळीवर बोट ठेवून अभियंता काम नाकारू शकतो.

घरकुलाच्या योजनेत मात्र ठेकेदार नेमता येत नाही. लाभार्थ्याने घर स्वतः बांधावे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यावे, असा नियम आहे. म्हणजे ठेकेदाराच्या कामात जी तपासणी अभियंता करतो, तिचा मोठा भाग येथे लाभार्थ्यावर येतो. त्यासाठी हातात असायला हवेत ते चार कागद असे :

१. घराचा नमुना नकाशा
२. साहित्याची यादी व अंदाजपत्रक
३. मंजुरी आदेश
४. टप्पे व त्या त्या टप्प्याला मिळणारा हप्ता दाखवणारा तक्ता

यातील एखादा कागद मिळाला नसेल, तर काम सुरू करण्यापूर्वी ग्रामपंचायत किंवा पंचायत समितीच्या (आपल्या राज्यातील गट किंवा ब्लॉक कार्यालयाच्या) घरकुल कक्षाकडे त्याची मागणी करावी.

नमुना नकाशा कसा निवडावा

दऱ्याखोऱ्यांतील, किनाऱ्यावरील आणि कोरड्या पठारावरील घर एकाच पद्धतीचे असून चालत नाही. म्हणून स्थानिक हवामान, साहित्य व आपत्तीचा धोका पाहून वेगवेगळ्या प्रदेशांसाठी घरांचे नमुने तयार केले आहेत. 'पहल' या संकलनात असे शंभराहून अधिक नमुने आहेत. 'आवासप्लस २०२४' या मोबाइल अ‍ॅपमध्ये घरांचे त्रिमितीय नमुनेही पाहता येतात. नमुना निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

- स्वयंपाकाची जागा, शौचालय व स्नानगृह कोठे येते?
- भिंती व छत आपल्या भागातील पाऊस, वारा आणि भूकंप यांना टिकतील, अशी तरतूद आहे का?
- लागणारे साहित्य जवळपास मिळते का? कोकणात जांभा आणि नदीकाठी वीट सहज मिळते. लांबून साहित्य आणले, तर वाहतुकीतच पैसा जातो.
- पुढे एखादी खोली वाढवायची असल्यास कोणत्या बाजूला वाढवता येईल?

भूकंपाचा धोका असलेल्या भागातील नमुन्यात दारे-खिडक्यांच्या वर, सर्व भिंतींवरून सलग फिरणारा काँक्रीटचा पट्टा दाखवलेला असतो. खर्च वाचवण्यासाठी हा पट्टा फक्त दार-खिडकीपुरता ठेवला जातो. तसे करू नये. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील मातीची जड छते कोसळून हजारो लोक दगावले. भिंतींना एकमेकींशी बांधणारे काही नसले की एक भिंत बाहेर झुकते आणि छत खाली येते. हा पट्टा चारही भिंतींना एकत्र धरून ठेवतो.

जोते नकाशाएवढेच घ्यावे

मिळणारी रक्कम ठरलेली असते. २५ चौरस मीटरच्या अंदाजपत्रकावर चाळीस चौरस मीटरचे जोते घेतले, तर पहिले हप्ते पायातच संपतात आणि भिंती खिडकीच्या पातळीवर थांबतात. पुढचा टप्पा पूर्ण झाल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही आणि हप्ता नसल्याने टप्पा पूर्ण होत नाही. घरकुले अपुरी राहण्याचे हे नेहमीचे कारण आहे. मोठे घर बांधायचेच असेल, तर वरची रक्कम कोठून येणार, हे खोदाईपूर्वी ठरवावे. इच्छुक लाभार्थ्याला वित्तीय संस्थेकडून ७०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळण्यासाठी साहाय्य करण्याची तरतूद योजनेत आहे. तेवढ्यातही भागणार नसेल, तर आधी नकाशाएवढे घर पूर्ण करावे आणि वाढीव खोली नंतर घ्यावी.

कागदावरील खुणा कशा वाचाव्यात

संगणकावर तयार झालेल्या नकाशात व अंदाजपत्रकात बरीच संक्षिप्त रूपे असतात. नेहमी आढळणारी पुढे दिली आहेत.

- पीसीसी : सळई नसलेले साधे काँक्रीट. पायाच्या तळाशी वापरतात.
- आरसीसी : सळई घातलेले काँक्रीट. पट्टा, तुळई, स्लॅब यांसाठी.
- एम-२० : काँक्रीटची प्रत. २८ दिवसांनी प्रत्येक चौरस मिलिमीटरला २० न्यूटन दाब सोसेल असे काँक्रीट. सळईच्या कामासाठी यापेक्षा कमी प्रत भारतीय मानकात चालत नाही.
- १:१.५:३ : एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. जागेवर मापाने मिसळताना एम-२० साठी सर्वसाधारणपणे हे प्रमाण धरतात.
- सीएम १:६ : एक भाग सिमेंट व सहा भाग वाळूचा मसाला. विटकामासाठी.
- एफई ५०० : सळईची प्रत. हा आकडा सळईची ताकद सांगतो, जाडी नव्हे.
- ८ मिमी, १५० सी/सी : ८ मिलिमीटर जाडीची सळई, एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत १५० मिलिमीटर अंतर.
- कव्हर २० मिमी : सळईच्या बाहेर किमान २० मिलिमीटर काँक्रीट असावे. सळई सेंट्रिंगच्या फळीला टेकली, तर पुढे ती गंजते आणि स्लॅबचे पोपडे पडतात. त्यासाठी सळईखाली सिमेंटचे ठोकळे ठेवतात.

एक हिशेब : स्लॅबला किती सिमेंट लागते?

स्लॅबची जाडी नकाशात दिलेली असते. हिशेबापुरती ती १० सेंटिमीटर धरू.

- २५ चौरस मीटर क्षेत्र × ०.१० मीटर जाडी = २.५ घनमीटर काँक्रीट.
- १:१.५:३ प्रमाणाच्या एक घनमीटर काँक्रीटला सुमारे ८ पोती सिमेंट लागते (एक पोते ५० किलो).
- म्हणून २.५ घनमीटरला सुमारे २० पोती.

तुळया आणि पट्ट्याचे सिमेंट यात धरलेले नाही. एवढ्या स्लॅबसाठी बारा पोती पुरतील असे कोणी सांगितले, तर मिश्रण कागदाप्रमाणे होणार नाही, हे उघड आहे. स्लॅबच्या दिवशी रिकामी पोती बाजूला ठेवून मोजावीत.

घमेल्याने माप घेतल्यास प्रमाण चुकते, कारण घमेली लहान-मोठी असतात आणि ती कोणी काठोकाठ भरतो, कोणी शीग लावून. त्याऐवजी आतून ४० × ३५ × २५ सेंटिमीटर मापाची पेटी वापरावी. तिच्यात ३५ लिटर, म्हणजे एका पोत्यातील सिमेंटएवढे साहित्य मावते. एका पोत्याला दीड पेटी वाळू आणि तीन पेट्या खडी, असा सोपा हिशेब होतो. पाणी एका पोत्यामागे ३० लिटरपेक्षा अधिक नसावे. वाळू ओली असल्यास त्याहून कमी घ्यावे. माल पातळ केला की पसरवायला सोपा जातो, पण ताकद घटते.

साहित्य घेताना मोबाइलवर खात्री

सिमेंटच्या पोत्यावर व सळईवर आयएसआय चिन्ह असते. चिन्हासोबत 'सीएम/एल' या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक छापलेला असतो. भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकल्यास परवाना कोणाचा व कोणत्या मालासाठी आहे, हे दिसते. पोत्यावरील निर्मितीचा आठवडा किंवा महिनाही पाहावा. जुने, दमट जागी ठेवलेले, गाठी झालेले सिमेंट घेऊ नये. दुकानदाराकडून पक्के बिल घ्यावे.

नोंद संगणकात कशी जाते?

१. पूर्वस्थितीचे छायाचित्र : मंजुरीपूर्वी लाभार्थ्याचे जुन्या घरासमोर आणि नव्या घराच्या जागेचे छायाचित्र 'आवासअ‍ॅप'वर घेतले जाते. छायाचित्रासोबत दिनांक, वेळ आणि ठिकाणाचे अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. यालाच जिओ-टॅगिंग म्हणतात. घर याच जागेवर झाले पाहिजे. जागा बदलायची असल्यास खोदाईपूर्वी लेखी कळवावे.

२. मंजुरी आदेश : 'आवाससॉफ्ट' या संगणक प्रणालीतून लाभार्थ्याच्या नावाने आदेश निघतो. त्यावर स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. नाव, बँक खाते व रक्कम याच वेळी तपासावी. घर पत्नीच्या नावे किंवा पती-पत्नी दोघांच्या नावे मंजूर होते. विधवा, अविवाहित व विभक्त व्यक्तींना यातून सूट आहे.

३. पहिला हप्ता : मंजुरी आदेशानंतर कामकाजाच्या सात दिवसांत तो थेट नोंदणीकृत बँक खात्यात जमा होणे अपेक्षित आहे.

४. टप्प्यांची तपासणी : पाया, जोते, खिडकीची पातळी, लिंटेल, छत आणि पूर्ण घर असे टप्पे आहेत. तपासणी करणारा कर्मचारी त्या टप्प्याचे जिओ-टॅग छायाचित्र चढवतो.

५. पुढील हप्ते : किमान तीन हप्ते असतात. दुसरा हप्ता पाया किंवा जोत्याशी आणि तिसरा खिडकीची पातळी, लिंटेल किंवा छत यांपैकी एका टप्प्याशी जोडलेला असतो. नेमका टप्पा व रक्कम राज्य सरकार ठरवते. छायाचित्र मान्य झाल्यावर कार्यालयातून निधी हस्तांतरण आदेश निघतो आणि रक्कम खात्यात येते.

छायाचित्र टप्पा दाखवते, दर्जा दाखवत नाही

ही गोष्ट प्रत्येक लाभार्थ्याने ध्यानात ठेवावी. स्लॅब पडला आहे, एवढेच छायाचित्रावरून कळते. त्यात किती सिमेंट गेले, सळई किती अंतरावर बांधली, पाणी किती दिवस मारले, हे कळत नाही. संगणक हप्ता सोडेल. पण त्या छताखाली कुटुंबाला राहायचे आहे. झाकले जाणारे काम झाकण्यापूर्वी स्वतः पाहावे.

- पाया भरण्यापूर्वी : खोली व रुंदी टेपने मोजावी. तळाची जमीन कठीण लागली आहे का, ते पाहावे.
- विटकामात : विटा पाण्यात भिजवून घ्याव्यात. सांधे एकावर एक येऊ नयेत.
- स्लॅबच्या आदल्या दिवशी : सळईची जाडी, अंतर व खालचे ठोकळे नकाशाशी ताडून पाहावेत. स्वतःच्या मोबाइलवर टेपसह छायाचित्र काढून ठेवावे.
- स्लॅबनंतर : साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र (पीपीसीसारख्या) सिमेंटला किमान १० दिवस काँक्रीट सतत ओले ठेवावे. स्लॅबवर मातीचे आळे करून पाणी साठवणे सोपे जाते.
- सेंट्रिंग काढताना : साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालील टेकू किमान ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याखालील टेकू किमान १४ दिवस हलवू नयेत. सेंट्रिंगचे भाडे वाचवण्यासाठी घाई करू नये.

या योजनेत ग्रामीण गवंड्यांना ४५ दिवसांचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या परिसरात असे प्रशिक्षित गवंडी आहेत का, याची कार्यालयात चौकशी करावी.

आपली नोंद कशी पाहावी?

योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावर 'स्टेकहोल्डर्स' या मेनूत लाभार्थ्यांसाठीचा पर्याय आहे. तेथे नोंदणी क्रमांक टाकल्यास मंजुरीचा तपशील आणि घराची सद्यःस्थिती दिसते. क्रमांक माहीत नसल्यास राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडून नावाने शोधता येते. स्मार्टफोन नसलेल्यांनी ग्रामपंचायत किंवा सामायिक सेवा केंद्रातून नोंदीची छापील प्रत घ्यावी. प्रत्येक हप्त्यानंतर संगणकातील टप्पा, जागेवरील टप्पा आणि पासबुकातील रक्कम या तिन्ही गोष्टी जुळवून पाहाव्यात.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

जोते होऊन बरेच दिवस झाले, पण हप्ता आला नाही. काय करावे?
प्रथम छायाचित्र चढवले आहे का, ते विचारावे. नसल्यास तपासणीची लेखी मागणी करून पोच घ्यावी. छायाचित्र मान्य झाले असल्यास निधी हस्तांतरण आदेश निघाला का, हे पाहावे. आदेश निघूनही रक्कम नसल्यास खाते क्रमांक, आधार जोडणी किंवा खाते बंद पडणे यांपैकी काही अडचण असू शकते. त्यासाठी बँकेत चौकशी करावी.

काम न होताच संगणकात पुढचा टप्पा दिसतो. हे चालेल का?
नाही. आज हप्ता लवकर मिळाल्यासारखे वाटते, पण नोंदीत घर पूर्ण दिसले की पुढे कोणतीही मागणी करणे कठीण होते. अशी नोंद आढळल्यास लगेच लेखी कळवावे.

छायाचित्र काढण्यासाठी किंवा हप्ता सोडण्यासाठी पैसे द्यावे लागतात का?
नाही. यासाठी कोणतेही शुल्क नाही. कोणी पैसे मागितल्यास तक्रार करावी.

अमुक दुकानातूनच साहित्य घ्यावे किंवा अमुक माणसालाच काम द्यावे, असे सांगितले जाते. ते मानावे का?
रक्कम लाभार्थ्याच्या खात्यात येते आणि घर लाभार्थ्याने बांधायचे असते. गवंडी व दुकान निवडण्याचा निर्णय लाभार्थ्याचा आहे.

तक्रार कोठे करावी?

ग्रामपंचायत, तालुका, जिल्हा व राज्य या स्तरांवर तक्रार निवारणाची व्यवस्था आहे आणि तक्रार मिळाल्यापासून १५ दिवसांत ती निकाली काढणे अपेक्षित आहे. केंद्र सरकारच्या ऑनलाइन तक्रार प्रणालीवर, तसेच १८००-११-६४४६ या निःशुल्क क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते. अर्जात नोंदणी क्रमांक, टप्पा, तो पूर्ण झाल्याचा दिनांक आणि संगणकातील नोंद हे चारही तपशील लिहावेत; सोबत स्वतः काढलेले छायाचित्र जोडावे. प्रत्येक ग्रामपंचायतीत वर्षातून किमान एकदा सामाजिक अंकेक्षण होते. त्या सभेत आपली नोंद वाचून दाखवण्याची मागणी करता येते.

एका पिशवीत ठेवा

मंजुरी आदेश, नकाशा, साहित्याची यादी, बिले, पासबुकाची प्रत, अर्जांच्या पोच आणि छापून घेतलेली छायाचित्रे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घर पूर्ण होईपर्यंत जपून ठेवावीत. त्यानंतरही टाकून देऊ नयेत. पुढे दुरुस्ती करताना भिंतीत सळई कोठे आहे आणि पाया किती खोल आहे, हे त्या नकाशावरूनच कळते.